जुनी रेकॉर्ड, खोटी रेकॉर्ड: 658 पौंडांची फसवणूक

मँचेस्टरमध्ये राहून मला चौदा वर्षे झाली आणि त्यांपैकी नऊ वर्षे मी नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या नाचाच्या क्लबांत गाजलेल्या जुन्या अमेरिकी सोल संगीताच्या, सात इंची रेकॉर्ड्स जमवतो आहे, त्यामुळे नवखा होता म्हणून फसला, असे कोणी म्हणू नये. तरीही गेल्या मार्चमध्ये एका खाजगी विक्रेत्याने मला 658 पौंडांना गंडवले. रेकॉर्डचे 640, टपालाचे 18. हा आकडा रुपयांत करून कोल्हापूरला आईला सांगण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

रेकॉर्ड लॉस एंजेलिसच्या एका लहानशा लेबलची, 1966 सालची. तेव्हा अमेरिकेत ती कोणी घेतली नाही आणि म्हणूनच आज ती मिळत नाही; या नादातला सगळा हिशोबच असा उलटा आहे. अमेरिकी गायक फ्रँक विल्सनच्या 1965 सालच्या सिंगलची एक प्रत 2009 मध्ये 25,742 पौंडांना गेली, हे ज्याच्या डोक्यात पक्के बसले आहे, त्याला 640 स्वस्तच वाटणार.

विगन गावातल्या कॅसिनो या नाचाच्या क्लबचे दिवस (1973 ते 1981) भरात असताना अशा रेकॉर्ड्सना इतकी मागणी होती की बनावट प्रती तेव्हाच निघू लागल्या, म्हणजे खोटी प्रतही आज पन्नाशीची झालेली असते, हे मला तोंडपाठ होते. विक्रेत्याने पिवळे पडलेले पाकीट दाखवले, लेबलवरची जुन्या मालकाची शाईतली आद्याक्षरे दाखवली, आणि त्यात खोटे काहीही नव्हते. वस्तू जुनीच होती. फक्त ती 1966 ची नव्हती.

आता ज्या क्षणाची आठवण झाली की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, तो सांगतो. या रेकॉर्डच्या मूळ प्रती मोनार्क या रेकॉर्ड बनवणाऱ्या कारखान्यातून निघाल्या, आणि तिथल्या प्रतीवर, लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात, एक छोटा त्रिकोण आणि त्याला लागून क्रमांक कोरलेला असतो. मी त्या पट्ट्याचा फोटो मागितला. पहिल्या फोटोत दिव्याची तिरीप होती. दुसऱ्या फोटोत नेमका तिथेच त्याचा अंगठा होता, नखावर काळानिळा डाग असलेला. मी तो फोटो मोठा करून पाहिला, डाग पाहिला, बिचाऱ्याचे बोट चेमटले असेल असेही मनात आले, आणि पैसे पाठवले! दुसरा ग्राहक तासाभरात येणार असल्याचे त्याने सांगितले होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि हीच रेकॉर्ड मी सहा वर्षे शोधत होतो.

पार्सल उघडताच कळले. मूळ प्रत स्टायरीन या कडक प्लास्टिकची, तिच्यावर लेबल चिकटवलेले. ही हातात किंचित वाकत होती. त्रिकोण नव्हता. वाजवली, तर चकचकीत खाचांमधून दुसऱ्याच कुठल्यातरी झिजलेल्या रेकॉर्डची खरखर ऐकू आली, कारण ध्वनी तिच्यावरूनच उतरवून घेतलेला होता.

बँकेने सांगितले की वस्तू मिळाली आहे, तेव्हा हा दोघांमधला खाजगी वाद आहे. पैसे ज्या सेवेतून गेले तिने सांगितले की ‘मित्र आणि नातेवाईक’ हा, खरेदीला संरक्षण नसलेला, पर्याय मी स्वतः निवडला होता. सव्वीस पौंडांचे शुल्क वाचवण्यासाठी विक्रेत्यानेच तो निवडायला लावला, हे ऐकायला तिथे माणूसच नव्हता. कृपा करून तो पर्याय कधीही निवडू नका. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयाने विक्रेता व्यापारी नसल्याचे कारण दिले. पोलिसांच्या दूरध्वनीवर एक्केचाळीस मिनिटे थांबल्यावर संदर्भ क्रमांक मिळाला आणि पाच आठवड्यांनी पुढील तपास होणार नसल्याचे पत्र. रेकॉर्ड खोटी कशावरून, असे मला चौघांनीही विचारले, पण ती हातात घेऊन पाहायला एकही तयार झाला नाही.

पट्ट्याचा स्पष्ट फोटो मिळेपर्यंत एक पेनीही पाठवू नका, आणि घाई करणाऱ्याला सरळ सांगा की त्या दुसऱ्या ग्राहकालाच द्या. हे आज लिहितो आहे, कारण गेल्या आठवड्यात विक्रीला आलेल्या दुसऱ्या एका सिंगलच्या फोटोत मला तोच अंगठा दिसला. नखावरचा डाग आता टोकापर्यंत सरकला आहे. किंमत 590 पौंड, टपालखर्च वेगळा.