जुनी कॅम्पर, नऊ महिने: चढावर बंद का पडत होती?

गाडी २००४ची, डिझेल, मूळची तेरा सीटर. आधीच्या मालकाने सीटा काढून पलंग आणि ओटा बसवून घेतला होता, खाली चॅसीला पाण्याची टाकी. नऊ महिन्यांत सहा हजार किलोमीटर झाले. पलंग झकास, ओटा बरा, पंखा कुचकामी. पण लिहायला बसलोय ते गाडी बंद पडण्याबद्दल, कारण पाच महिने त्यातच गेले.

पहिल्यांदा पडली ती ताम्हिणीत. माणगावहून पुण्याला परतताना चढावर दोन-तीन आचके दिले, ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढेना, आणि बंद. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही बंद. दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं झालं, आणि मागे एसटी. हिने खाली उडी मारून चाकाला दगड लावला. दहा मिनिटं हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप, मारला तेव्हा कुठे इंजिन धरलं.

मग मिस्त्र्यांची वारी. पहिल्याने डिझेल फिल्टर बदलला, पंधरा दिवस बरी चालली. दुसऱ्याने बॉनेट उघडायच्या आत निकाल दिला, "पंप खोलावा लागेल, कॅलिब्रेशनला टाकू." म्हणजे इंजिनात मोजून डिझेल सोडणारा मुख्य पंप. खर्च बावीस हजार. तिसरा स्टॉप सोलेनॉइडच्या, म्हणजे चावी बंद केली की डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेच्या, वायरीमागे लागला. पण माझ्या गाडीत ती वायर सुटली तर इंजिन चावी फिरवल्यासारखं पटकन बंद होतं. आमची आचके देत मरायची, म्हणजे डिझेल कमी पडत होतं. एवढ्या जुन्या गाडीला स्कॅनर लावायची सोयच नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. डिझेलच्या टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं की आत व्हॅक्यूम होतो, म्हणून बंद पडल्यावर झाकणही उघडून पाहिलं. हवा ओढल्याचा आवाज नाही, फरकही नाही.

धागा सापडला तो हिच्या डिझेलच्या वहीत. "अहो, टाकी अर्ध्याच्या वर असताना एकदाही बंद पडलेली नाही."

ही वही कोलाडजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींना दाखवली. ते हसले. "हवा घेतेय." फीड पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. टाकी खाली गेली की जास्त उंच ओढावं लागतं, त्यात चढ आणि भार. वाटेत नळीला बारीकशी चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवाच आत जाते. म्हणून खाली थेंब नाही, वास नाही. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं, म्हणून सकाळी स्टार्टर लांबतो. हे लक्षण महिनाभर माझ्यासमोर होतं आणि मी बॅटरीला शिव्या घालत होतो.

त्यांनी फिल्टर आणि मुख्य पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी लावली. इंजिन चालू केलं तर आत सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. मग फीड पंपाकडे येणारी नळी काढून पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडली, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्नची नळीही त्यातच, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. बुडबुडे थांबले. अर्धा तास गाडी एका लयीत चालली. म्हणजे मुख्य पंप निर्दोष, दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात.

गाडीखाली सरपटत गेल्यावर दिसलं ते असं: पाण्याच्या टाकीची पट्टी कसताना डिझेलची रबरी नळी तिच्या धारेला टेकली होती. वर्षभर घासून घासून तिथे करंगळीच्या नखाएवढी चकाकी आलेली, आणि नळी वाकवली की मधोमध केसासारखी चीर उघडायची. नवी नळी, चार क्लिपा, तांब्याचे वॉशर, मजुरी धरून साडेनऊशे रुपये. पट्टीही दोन बोटं सरकवून घेतली. पारदर्शक नळी मात्र तपासणीपुरतीच ठेवा, डिझेलमध्ये ती कडक होऊन तडकते.

त्याला आता चार महिने झाले. परवा मुद्दाम पाव टाकीवर ताम्हिणी चढवली, एक आचका नाही. पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा गुण पंख्याचा कापलाय, उरलेला त्या पट्टीचा.