मेम्ब्रेन इनलेट मास स्पेक्ट्रोमीटर: आठ महिने वापरल्यानंतर

द्राक्षरसातलं यीस्ट किती ऑक्सिजन खातं ते बघायला आमच्या नाशिकच्या लॅबमध्ये हे यंत्र आलं. रचना साधी. द्रवात बुडवायच्या टोकाला सिलिकॉनचा पातळ पडदा, पलीकडे व्हॅक्यूम. विरघळलेले वायू पडद्यातून झिरपतात, पाणी बहुतेक अलीकडेच राहतं. आत गेलेले रेणू यंत्र त्यांच्या वस्तुमानाच्या आकड्यानुसार वेगळे करून मोजतं. होक आणि कॉक यांनी 1963 मध्ये ही पद्धत मांडली.

खरी मजा म्हणजे ऑक्सिजन वस्तुमान 32 वर, कार्बन डायऑक्साइड 44 वर, आरगॉन 40 वर, सगळं एकाच वेळी दिसतं. खरा ताप पण तिथेच. बंद चेंबरमध्ये यीस्टने ऑक्सिजन संपवला की 32 ची रेघ खाली यायची, आणि तासाभराने पुन्हा वर चढायला लागायची! गळती समजून ओ-रिंगा बदलल्या, जोड आवळले. पण हवा आत येत असती तर आरगॉनही वाढला असता, तो ढिम्म. शेवटी 31 बघायचं सुचलं. इथेनॉल, म्हणजे यीस्टने बनवलेलं अल्कोहोल! सिलिकॉनमधून ते आरामात जातं, यंत्रात फुटल्यावर त्याचा सगळ्यात जास्त येणारा तुकडा 31 वर पडतो, आणि कार्बन-13 मुळे (एका एककाने जड कार्बन) त्यातला शंभरात एखादा 32 वर. दोन महिन्यांचे आलेख पुन्हा काढावे लागले. 28 वरही हीच भानगड: कार्बन डायऑक्साइड फुटून थोडा तिथे येतो आणि नायट्रोजन वाढल्यासारखा वाटतो.

कॅलिब्रेशनला पुस्तकातला आकडा घेऊ नका. 25 अंशाला हवेने संपृक्त पाण्यात लिटरमागे 8.26 मिलिग्रॅम ऑक्सिजन, हे समुद्रसपाटीचं. नाशिक साधारण 600 मीटरवर, म्हणून इथे 7.7 च्या आसपास. ढवळणं थांबलं तर रीडिंग घसरतं, कारण पडदा स्वतःच जवळचा वायू ओढून घेतो.

लाइट जाते तिथे यूपीएसशिवाय घेऊच नका. पंप बंद पडला की व्हॅक्यूम स्थिरावायला आमची रात्र जाते. एकदा ढवळायची बीड उडाली, पडद्याला भोक पडलं, पाणी आत, फिलामेंट (रेणूंना विद्युतभार देणारी तापती तार) गेलं. विक्रेत्याकडून नवीन यायला तीन आठवडे लागले, तोवर माझं यीस्ट फ्रिजमध्ये.

फक्त ऑक्सिजन मोजायचा असेल तर क्लार्क इलेक्ट्रोड हा साधा ऑक्सिजन सेन्सर पुष्कळ झाला. मी मात्र आता पडदे आधीच कापून डबीत ठेवतो, आणि बीड चिमट्याने सोडतो.