हलकी रॅकेट घ्यावी का? २७० आणि ३०० ग्रॅमची तुलना

टेनिसची नवी रॅकेट घ्यायची ठरली की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. मॉडेल पसंत असतं, पण ते दोन-तीन वजनांत मिळतं. बॅबोलाटची प्युअर ड्राइव्ह ३०० ग्रॅमची, तिचीच ‘लाइट’ २७० ची आणि मधली ‘टीम’ २८५ ची. योनेक्सची ईझोन १०० ही ३०० ग्रॅमची, तर १००एल २८५ ची. हेडचा, म्हणजे तारांच्या गोल भागाचा, आकार तोच, १०० चौरस इंच. नुसती हातात घेऊन हवेत फिरवली की हलकी लगेच आवडते, कारण ती पटकन फिरते आणि मनगटाला काही जाणवत नाही. पण हवेत चेंडू नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा निर्णय स्वतःच्या दंडाकडे बघून घेऊ नका, समोरून येणाऱ्या चेंडूकडे बघून घ्या. तुमच्याकडे चेंडू सावकाश येत असेल आणि वेग तुम्हालाच द्यावा लागत असेल, तर २७० ग्रॅमची रॅकेट तुम्हाला फारसं कमी पडू देणार नाही. चेंडू जोरात येत असेल तर मात्र ती कमी पडेल.

छापील वजन आणि हातातलं वजन

फ्रेमवर लिहिलेले ग्रॅम गटिंग न केलेल्या, म्हणजे तारा न भरलेल्या, रॅकेटचे असतात. तारा भरल्या की १५ ते १८ ग्रॅम वाढतात, ओव्हरग्रिपचे (मुठीवर गुंडाळायच्या पट्टीचे) पाच-सहा, डँपनर (तारांचा थरथराट कमी करणारा छोटा रबर) लावत असाल तर आणखी दोन-तीन. म्हणजे २७० ची रॅकेट कोर्टवर उतरते तेव्हा २९० च्या पुढे गेलेली असते आणि ३०० ची ३२० च्या पुढे. मित्राच्या रॅकेटशी तुलना करताना हे लक्षात असू द्या. त्याची तयार रॅकेट आणि तुमच्या हातातली रिकामी फ्रेम यांची तुलनाच होऊ शकत नाही.

त्याहून महत्त्वाचा आकडा आहे स्विंगवेटचा. रॅकेट फिरवायला किती जड जाते, हे तो सांगतो; तो ग्रॅममध्ये नसतो. रॅकेट एकदा उलटी धरून बघा: हेड हातात, मूठ पुढे. आता फिरवा. ग्रॅम तेवढेच आहेत, पण रॅकेट एकदम हलकी झाल्यासारखी वाटेल. वजन हातापासून किती लांब आहे, यावर सगळं ठरतं. बाजारातल्या बऱ्याच हलक्या रॅकेटचं स्विंगवेट गटिंगनंतर २८० ते ३०० च्या दरम्यान असतं, ३०० ग्रॅमवाल्यांचं साधारण ३१० ते ३२५. पण अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत. हेड कंपनीची टीआय एस६ ही जुनी, लोकप्रिय रॅकेट गटिंगसकट जेमतेम २५० ग्रॅमची. तिचं वजन मात्र बरंचसं पुढे, हेडकडे आहे. त्यामुळे तिचं स्विंगवेट नेहमीच्या ३०० ग्रॅमवाल्या रॅकेटच्या तोडीचं भरतं. ती उचलायला हलकी आहे, फिरवायला नाही. फक्त ग्रॅम बघून घेणाऱ्यांची गफलत इथेच होते.

(टेनिसच्या नियमांत रॅकेटच्या लांबीवर मर्यादा आहे, ७३.७ सेंटिमीटर. वजनावर कसलीच नाही.)

चेंडूला वेग कुठून मिळतो

तुम्ही मारलेल्या चेंडूचा वेग दोन वाट्यांनी बनतो. एक वाटा येणाऱ्या चेंडूच्या स्वतःच्या वेगाचा, जो तारांवरून उलटून परत जातो. दुसरा वाटा तुमच्या स्विंगचा. रॅकेट अगदी स्थिर धरली आणि चेंडू मधोमध बसला, तर ३०० ग्रॅमवाली साधारण ३९-४० टक्के वेग परत देते. २७० ची ३५-३६ टक्क्यांवर येते, कारण चेंडू आदळताच ती स्वतःच जास्त मागे ढकलली जाते. चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो आणि तारांवर चार-पाच मिलिसेकंदच टिकतो. एवढ्या वेळात हाताची पकड रॅकेटला फारसं अडवू शकत नाही. तिला तिचं वजनच सावरून धरतं.

आता हे प्रत्येक फटक्याला लावून बघा.

सर्व्हिसमध्ये येणाऱ्या चेंडूचा वेग शून्य. सगळा वेग स्विंगचा. हलक्या रॅकेटच्या टक्करीत थोडं कमी मिळतं, पण ती तेवढीच थोडी जास्त जोरात फिरते. हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो. म्हणून ‘हलकी घेतली तर सर्व्हिस जाईल’ ही भीती निराधार आहे. उलट ज्यांचा खांदा कुरकुरतो त्यांना दोन सेटनंतर हलकीच बरी वाटते. तीही मोठ्या हेडची आणि फार पुढे वजन नसलेली असेल तर.

बेसलाइनवरून पूर्ण स्विंगचा फोरहँडही असाच. वेळ मिळाला, पाय जागेवर आले, चेंडू मधे बसला, तर वेगात फरक ओळखू येणार नाही. टॉपस्पिनमध्ये तर मध्यम ताकदीच्या खेळाडूला हलकीचा फायदाच होतो. स्पिन मिळतो तो हेड खालून वर किती झपाट्याने जातं यावर, आणि हलकं हेड वर खेचणं सोपं.

रिटर्न (समोरच्या सर्व्हिसला दिलेलं उत्तर) आणि व्हॉलीत (टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्यात) चित्र पालटतं. इथे स्विंग नसतोच किंवा अर्धा असतो. वेग येतो तो समोरच्याच्या चेंडूतून. ३९ आणि ३५ मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण स्विंग नसताना तो थेट दहा टक्क्यांचा घाटा आहे. रिटर्न सर्व्हिस लाइनजवळ पडतो आणि समोरचा पुढे येऊन तो चिरडतो. व्हॉली नेटवरून जाते पण खोल जात नाही. हलकी रॅकेट वापरणारे ‘माझे चेंडू आखूड पडतात’ म्हणतात, तेव्हा ते बहुतेक याच फटक्यांबद्दल बोलत असतात आणि दोष स्वतःच्या तंत्राला देतात. दर वेळी तो तंत्राचा नसतो.

मधोमध न बसलेला चेंडू

वर सगळीकडे मी ‘चेंडू मधोमध बसला तर’ म्हटलं. आपल्यासारख्या हौशी खेळाडूंचा तो किती वेळा बसतो? माझ्या लेखी दोन्ही रॅकेटमधला खरा फरक इथे आहे आणि तो आकड्यांपेक्षा हाताला आधी कळतो.

चेंडू तारांच्या मध्यापासून तीन-चार सेंटिमीटर बाजूला लागला की रॅकेट मुठीत फिरते. अशा वेळी हलक्या रॅकेटच्या मुठीकडे लक्ष द्या: फटक्यानंतर तिची कड तळव्यात किंचित सरकलेली जाणवते, बोटं आपोआप पुन्हा घट्ट होतात आणि पुढच्या फटक्याआधी ग्रिप नीट करावी लागते. जोरदार सर्व्हिसवर बॅकहँड ब्लॉक करताना तर हेड मागे झुकलेलं डोळ्यांना दिसतं. चेंडू एकतर नेटमध्ये जातो किंवा वर उडतो. ३०० ग्रॅमची रॅकेटही फिरते, पण कमी. त्यामुळे चुकलेला फटकाही कोर्टात पडण्याची शक्यता राहते. याला खेळाडू स्थिरता म्हणतात. मोठं हेड असेल तर हलक्या रॅकेटची ही उणीव थोडी भरून निघते, कारण कडेचं वजन मध्यापासून लांब जातं. १०५ किंवा ११० चौरस इंचांची हलकी रॅकेट १०० च्या हलक्या रॅकेटपेक्षा कमी फिरते, ती याचमुळे. हलकीच घ्यायची असेल तर हेड थोडं मोठं घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

एका हाताच्या बॅकहँड स्लाइसलाही (चेंडू खालून कापत मारलेल्या फटक्यालाही) वजन लागतं. जड रॅकेट चेंडूतून सरळ पुढे जाते, हलकी वाटेत डळमळते आणि चेंडू तरंगतो. स्लाइस हा तुमचा मुख्य फटका असेल तर २७० चा विचार सोडून द्या.

नेटवर मात्र हलकीची एक बाजू आहे, ती मान्य करायला हवी. दुहेरीत दोन्ही जोड्या पुढे आल्या आणि चेंडू अंगावर येऊ लागला की रॅकेट वेळेवर तोंडासमोर आणणं हेच मोठं काम असतं. तिथे हलकी लवकर पोहोचते. जड रॅकेट जास्त चांगली व्हॉली मारेल, पण पोहोचली तर.

कोपर आणि खांदा

‘कोपर दुखतंय, म्हणून हलकी घेतो’ हा तर्क सरसकट बरोबर नाही. टक्करीत जेवढी हलकी रॅकेट तेवढा हादरा हाताकडे जास्त. त्यात अनेक हलक्या फ्रेम ताकद भरून काढायला कडक बनवलेल्या असतात. हलकी, कडक फ्रेम आणि तिच्यावर घट्ट ओढलेली पॉलिएस्टर स्ट्रिंग, ही तिन्ही एकत्र आली की टेनिस एल्बोला आमंत्रण. हलकी घेतली तर मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची, मऊ) स्ट्रिंग घाला आणि ताण नेहमीपेक्षा दोन-तीन पौंड उतरवा. पॉलिएस्टर ज्यांच्या तारा वारंवार तुटतात त्यांच्यासाठी आहे, आणि २७० ग्रॅमने खेळणाऱ्या बहुतेकांच्या त्या तुटत नाहीत.

जड रॅकेटचा त्रास वेगळ्या वाटेने येतो. तिसऱ्या सेटपर्यंत हात मंदावतो, चेंडू शरीराच्या मागे लागायला लागतो आणि उशीर झालेला फटका मनगटाने ओढून मारला जातो. तेव्हा मनगट आणि खांदा दोन्ही बोलायला लागतात. म्हणून ३०० ग्रॅम झेपते की नाही ते ताज्या हाताने ठरवू नये. दुखणं आधीपासून असेल तर रॅकेट बदलण्याआधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवणं शहाणपणाचं.

मग कोणी काय घ्यावं

नुकतं शिकायला लागलेल्या प्रौढांनी आणि २६ इंची रॅकेटवरून पूर्ण लांबीच्या रॅकेटवर येणाऱ्या मुलांनी २६० ते २७५ ग्रॅमची घ्यावी. त्यांना अजून स्विंग घडवायचा आहे आणि जड रॅकेट तो आखडून टाकते. मूल वाढत असेल तर ती दीड-दोन वर्षांत बदलावी लागेल, हे धरून चाला.

साठीच्या पुढचे, दुहेरी खेळणारे, ज्यांच्या गटात सर्व्हिस हळू आणि लॉब भरपूर, अशांनाही मी निःसंकोच हलकीच सुचवेन, हेड १०५ चौरस इंचांच्या आसपासचं.

ज्यांचा स्विंग पूर्ण आणि मोकळा आहे, एकेरी खेळतात, समोरचे जोरात मारतात, त्यांनी ३०० घ्यावी. अशा खेळाडूला २७० सुरुवातीचे काही दिवस सुखावते. मग हळूहळू फटका खांद्या-कमरेतून न येता नुसत्या हाताने येऊ लागतो, कारण रॅकेट तेवढ्यानेही फिरते. ही सवय लागली की मोडायला फार कष्ट पडतात. आणि फेडररच्या नावाची विल्सनची आरएफ९७ गटिंगशिवाय ३४० ग्रॅमची आहे म्हणून तिकडे धाव घेऊ नका. तो हात वेगळा होता.

मधल्या सगळ्यांसाठी २८५. ही तडजोड आहे असं काही जण नाक मुरडून म्हणतात. मला तसं वाटत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्या, बऱ्यापैकी रॅली टिकवणाऱ्या माणसाला बहुधा हेच वजन जुळतं.

घेण्याआधी दोन्ही वजनं एकाच जातीच्या स्ट्रिंगने, सारख्या ताणाने गटिंग केलेली मिळवून खेळा. भिंतीवर किंवा मिनी टेनिसमध्ये चाचणी घेऊ नका, तिथे हलकीच जिंकणार. तुमच्या ओळखीतल्या सगळ्यात जोरदार सर्व्हिसवाल्याला उभं करा आणि रिटर्न कुठे पडतात ते बघा. मग तासभर खेळून दमल्यावर फोरहँड मारा आणि चेंडू शरीराच्या पुढे लागतोय की बाजूला, ते पाहा. पहिल्या चाचणीत हलकी नापास झाली आणि दुसरीत जड पास झाली, तर उत्तर मिळालं. दोन्ही डळमळल्या तर २८५ कडे वळा.

दोन वजनांत मन अडलंच तर हलकी घ्या, कारण वजन वाढवता येतं, काढता येत नाही. शिशाची चिकटपट्टी मिळते. हेडच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, दोन-दोन ग्रॅम लावले की स्विंगवेट साधारण सातने वाढतं आणि रॅकेट मुठीत फिरणं कमी होतं. वरच्या टोकाला, १२ च्या जागी, एकच ग्रॅम तीनहून जास्त वाढवतो, म्हणून तिथे जपून. हेड जड वाटायला लागलं तर ग्रिपखाली आठ-दहा ग्रॅम घाला. त्याने तोल हाताकडे येतो आणि स्विंगवेट जवळपास जागेवर राहतं. शिसं विषारी आहे. पट्टी लावल्यावर हात धुवा आणि वरून साधी टेप गुंडाळा. दर वेळी थोडीच लावा, आठवडाभर खेळा, मग पुढची.