सिंगापूरची म्हणून घेतलेली रॅकेट गटिंगलाच पिचली

माझी मुलगी बॅडमिंटनच्या जिल्हा स्पर्धांमध्ये डबल्स खेळते, नेटजवळ तिचा हात चांगला चालतो. सरांनी म्हणून योनेक्सची ॲस्ट्रॉक्स 88 एस प्रो सुचवली. दुकानात 15 हजारांच्या पुढे भाव सांगितला. त्याच आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने सिंगापूरहून आणलेल्या कोऱ्या रॅकेटचे फोटो टाकले. 7,500 रुपये. "स्वतः घेऊन आलोय, बिल कुठून देऊ?" हे त्याचं म्हणणं मला पटलं. होलोग्राम चमकत होता. मी तेवढाच पाहिला आणि पैसे पाठवले.

गटिंग करणाऱ्या, म्हणजे रॅकेटमध्ये गट (तार) ओढून जाळी भरणाऱ्या काकांना 24 पाउंड ताण सांगितला होता, रॅकेटवर 20 ते 28 छापलेलं. उभा गट भरून झाला, आडवा ओढायला घेतला आणि कट्‌ असा आवाज आला. फ्रेमवर वरच्या बाजूला बारीक भेग. मुलगी शेजारीच उभी होती. भेगेवरून बोट फिरवत म्हणाली, "बाबा, आपण ही खेळलोसुद्धा नाही."

काकांनी गट कापून ती वजनकाट्यावर ठेवली. रॅकेटवर 4यू हा वजनाचा वर्ग लिहिलेला, म्हणजे 80 ते 84 ग्रॅमच्या आसपास; ही 92 भरली. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाची अस्सल रॅकेट शेजारी धरली. हँडलच्या वर शंकूसारखा भाग असतो, तो कोन; त्यावर नंबर असतो. अस्सलवर तो लेझरने कोरलेला होता, तिरप्या उजेडात स्वच्छ दिसला. आमच्यावर छापलेला, नखाने घासला तर शाई निघाली. दांडीवरच्या कोडच्या शेवटी कुठल्या देशाच्या बाजारासाठीचा माल आहे ती अक्षरं असतात. सिंगापूरला एसपी, जपानला जेपी. आमच्या 'सिंगापूरच्या' रॅकेटवर जेपी होतं! हे मला आधी ठाऊक असतं तर फोटोतच दिसलं असतं.

त्या रात्री ग्रुपमधल्या दुसऱ्या एका पालकांना फोन केला, त्यांनीही त्याच्याकडूनच घेतली होती. कोनवरचा नंबर वाचून दाखवा म्हटलं. आकड्याला आकडा तोच. खरा नंबर दोन रॅकेटवर एक असूच शकत नाही.

काका म्हणतात, आता वजन आणि कोरीव नंबरही जमवलेल्या नकला येतात, त्यामुळे एका खुणेवर विसंबू नका. अधिकृत विक्रेत्याचं बिल नसेल तर माझ्या मते घेऊच नका, भाव कितीही कमी असो.

रॅकेट विकणाऱ्याने मला ब्लॉक केलंय. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. पिचलेली रॅकेट काकांच्याच दुकानात ठेवली आहे. नवी घेतलेली कुणाला ताडून बघायची असेल तर ते काढून हातात देतात.