मास इफेक्ट लेजंडरी एडिशन: आठ महिन्यांचा अनुभव आणि रीपरांचे कोडे

गेल्या गणपतीनंतर मी 'मास इफेक्ट लेजंडरी एडिशन' हा अंतराळातल्या साहसाच्या तीन व्हिडिओ गेमचा संच विकत घेतला आणि आठ महिन्यांत तिन्ही भाग दोनदा पूर्ण केले. पहिल्यांदा कथेसाठी आणि दुसऱ्यांदा, कथेच्या पूर्वेतिहासाबद्दल चाहत्यांनी मांडलेल्या थिअरी तपासून पाहण्यासाठी. पुढे शेवट उघड होतो, हे आधीच सांगून ठेवते.

2007, 2010 आणि 2012 साली आलेले हे तीन भाग 2021 मध्ये एकत्र आले. पीसीवर सुमारे 120 जीबी जागा लागत असल्याने तापकीर गल्लीतून नवी एसएसडी आणावी लागली. त्यानंतर तांत्रिक अडचण अशी आली नाही. मात्र एका गुरुवारी कोथरूडमध्ये वीज गेली आणि नोव्हेरिया ग्रहावरचा तासाभराचा खेळ पुसला गेला. तो भाग पुन्हा खेळताना रॅक्नाय या कीटकांसारख्या परग्रही जातीच्या राणीचे बोलणे मी प्रथमच लक्ष देऊन ऐकले. आपल्या जातीला वेड लावणाऱ्या गाण्यांचा रंग तेलकट सावल्यांसारखा होता, असे ती सांगते. तिसऱ्या भागात कथेची नायिका शेपर्ड हिच्या स्वप्नातल्या जंगलात काळ्या सावल्या उभ्या दिसतात, तेव्हा ते वाक्य मला लगेच आठवले.

गाजलेली इन्डॉक्ट्रिनेशन (म्हणजे मनावर ताबा) थिअरी याच धाग्यावर उभी आहे. दर 50 हजार वर्षांनी येऊन प्रगत संस्कृती नष्ट करणारे रीपर, आपल्या सान्निध्यात आलेल्यांचे मन हळूहळू ताब्यात घेतात. शेवटी शेपर्डचेही तेच होत असते आणि अखेरचा प्रसंग तिच्या मनातच घडतो, असे ही थिअरी म्हणते. पुरावे क्षुल्लक नाहीत. मी तीनदा थांबून पाहिलेला एक प्रसंग सांगते. शेपर्डच्या हातून तिचा जुना वरिष्ठ अँडरसन याला गोळी लागते आणि थोड्या वेळाने ती स्वतःच्या कुशीला लावलेला हात वर घेते, तर तो रक्ताने माखलेला असतो. जखम कोणाची, हा प्रश्न तिथे पडतोच. तरीही हा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण जून 2012 मध्ये आलेल्या विस्तारित शेवटात प्रत्येक निवडीचे परिणाम आकाशगंगेभर घडलेले दाखवले आहेत. निरीक्षणे खरी आणि अनुमान चुकीचे, असे माझे मत झाले.

माझ्या मनात घर केले ते दुसऱ्या थिअरीने. दुसऱ्या भागात शेपर्डची सहकारी टाली हिला शोधायला आपण हेस्ट्रॉम ग्रहावर जातो. तिथला सूर्य अकाली म्हातारा होत चालला आहे आणि त्याच्या गाभ्यात डार्क एनर्जी या अदृश्य ऊर्जेचा काहीतरी प्रभाव आहे, असे ती सांगते. गेम ही गोष्ट नुसती सांगून सोडत नाही. उन्हात पाऊल टाकले की शील्ड, म्हणजे संरक्षक कवच, झरझर उतरते आणि संपूर्ण लढाई सावलीतून सावलीत सरकत लढावी लागते. वैशाखात रस्त्याची सावलीची बाजू धरून चालणाऱ्या आम्हा पुणेकरांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रीपर करतात तो संहार म्हणजे ताऱ्यांवरच्या याच संकटावर उपाय शोधण्याचा प्रयत्न, असे ही थिअरी मानते. मालिकेचे आधीचे मुख्य लेखक ड्रू कार्पिशिन यांनी पुढे, अशी एक कल्पना विचारात होती, असे सांगितलेही. तिसऱ्या भागात मात्र हा धागा सुटतो. ऑगस्ट 2012 च्या 'लेव्हायथन' डीएलसीत, म्हणजे नंतर जोडलेल्या भागात, वेगळेच उत्तर मिळते: सजीवांना यंत्रांपासून वाचवण्यासाठी निर्माण केलेली बुद्धिमत्ता निर्मात्यांवरच उलटली आणि त्यांच्यापासूनच पहिला रीपर, हार्बिंजर, घडला. हे उत्तर तर्कशुद्ध आहे, पण हेस्ट्रॉमच्या उन्हाची धग त्यात नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

माझा भाचा पहिल्यांदाच खेळतो आहे. "मावशी, आधी थिअरी वाचू का?" असे त्याने विचारले, तेव्हा मी स्पष्ट नको म्हटले. आधी वाचले की माणूस पुरावे शोधत खेळतो आणि राणीचे बोलणे ऐकायचे राहूनच जाते. फक्त कोडेक्समधल्या, म्हणजे गेममधल्या माहितीकोशातल्या, दुय्यम नोंदी वगळू नकोस, असे त्याला बजावले आहे. त्यांना आवाज दिलेला नसल्याने त्या डोळ्यांनी वाचाव्या लागतात आणि बारीक अक्षरांमुळे ते कंटाळवाणे होते. दुसऱ्या भागातल्या मृत रीपरच्या अवशेषांत सापडणारे व्हिडिओही पूर्ण पाहावेत. त्यांतल्या एकात दोन संशोधक एकच आठवण आपापली म्हणून सांगतात आणि ती नेमकी कोणाची, हे त्यांनाही उमगत नाही. तो व्हिडिओ मी रात्री एकटीने पाहिला आणि त्या दिवशी पुढे खेळले नाही.