नऊ महिने, रोज एकच बाजू: विसरलेले हार्डकोर आणि इमो बँड पुन्हा ऐकताना

गेल्या गणपतीआधी माळा आवरताना सीडींचं एक झिपवालं पाकीट हाती लागलं. २००३-०४ मध्ये होस्टेलवर राइट केलेल्या सीडी. एकीवर मार्करनं लिहिलेलं, ‘पंक १’. दुसरीवर, ‘पंक २ (ओरडणारे)’. अकरापैकी चार चालल्या. त्यातही निम्म्या गाण्यांना नावच नाही, नुसतं ‘ट्रॅक ०७’. एक गाणं ऐन भरात असताना कचकन तुटतं. होस्टेलच्या लॅन नेटवर्कवरून कॉपी होत असताना लाइट गेली होती, ती तिथं कायमची कोरली गेली आहे.

त्याला आता नऊ महिने झाले. या काळात ते बँड, म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकांतले अमेरिकेतले हार्डकोर (पंक रॉकचा वेगवान, ओरडून गायचा प्रकार) आणि त्यातूनच निघालेले इमो, मी पुन्हा जमवले, आणि या वेळी पैसे मोजून: बरीचशी डिजिटल डाउनलोड, तीन एलपी (मोठ्या तबकड्या), चार छोट्या सात-इंची तबकड्या आणि एक सेकंडहँड टर्नटेबल. ‘या वयात हे काय?’ असं विचारणारे पुष्कळ भेटले. ‘घेऊ का, ऐकण्यासारखं आहे का?’ असं विचारणारे दोघंच. हे त्या दोघांसाठी.

पहिले दोन महिने सरळ वाया गेले. चूक माझीच. या बँडांचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, त्यामुळे पुनर्प्रकाशन करणारी लेबलं (रेकॉर्ड कंपन्या) त्यांचं होतं नव्हतं ते सगळं एका संग्रहात घालतात. मीही ते काम करता करता एका दमात लावायचो. तासाभरानं सगळं एकाच माणसाचं एकच ओरडणं वाटायला लागायचं. ‘तरुणपणी आवडलं होतं, आता नाही’ असा निकाल मी जवळजवळ देऊनही टाकला होता.

डिसेंबरात टर्नटेबल आलं आणि गाडी रुळावर आली. आवाजाच्या ‘ऊबे’बद्दल जे बोलतात त्यात मला फारसं काही सापडलं नाही. खरा फायदा एवढाच की तबकडीची बाजू संपते. सात-इंचीची तर पाच-सात मिनिटांत. उठावं लागतं, उलटी करावी लागते, आणि बऱ्याचदा उलटी करावीशी वाटत नाही, कारण जे ऐकलं तेच पुरेसं असतं. ही गाणी त्याच मापाची बेतलेली होती. तेव्हापासून डिजिटललाही तोच नियम लावला: दिवसाला एक बाजू, शब्दांचा कागद समोर ठेवून.

कागद महत्त्वाचा. गाणारा काय म्हणतोय ते दहातल्या आठ वेळा कळत नाही, आणि बँडांनाही ते ठाऊक असायचं. म्हणून आत घडी घातलेला कागद: गीतं, पत्ता, कधी एखादं लांबलचक निवेदन, सगळं झेरॉक्सवर. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल केलेल्या लघुअनियतकालिकांचे जुने अंक ज्यांनी हाताळलेत त्यांना हा कागद हातात घेतल्यावर ओळखीचा वाटेल.

सुरुवात ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’पासून केली, आणि नवीन माणसानंही तिथूनच करावी. वॉशिंग्टन डी.सी.चा बँड, १९८४ मध्ये जमला. त्याआधीची चार-पाच वर्षं त्या शहरात हार्डकोरची होती: पंकहून वेगवान, दीड मिनिटात खेळ खलास. १९८० मध्ये इयन मकाय आणि जेफ नेल्सन या पोरांनी स्वतःच्या बँडची तबकडी काढण्यापुरतं ‘डिसकॉर्ड’ हे लेबल सुरू केलं, ते आजही चालू आहे. पण ८४ पर्यंत कार्यक्रमांना मारामाऱ्या करणाऱ्यांचीच गर्दी व्हायला लागली होती. जुनी मंडळी वैतागली. १९८५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवून नवे बँड काढले, त्याला ‘रेव्होल्यूशन समर’ म्हणतात. त्याची ठिणगी मजेशीर आहे: एमी पिकरिंग नावाची मुलगी एका कार्यालयात काम करायची, तिथून तिनं मित्रमंडळींना निनावी चिठ्ठ्या पाठवल्या. कोण पाठवतंय कळेना, पण सगळे पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले.

राइट्स ऑफ स्प्रिंगचा एकमेव अल्बम त्याच जूनमधला, आर्लिंग्टनच्या ‘इनर इअर’मध्ये ध्वनिमुद्रित. हा स्टुडिओ म्हणजे तेव्हा डॉन झियंटारा यांच्या घराचं तळघर. संगीत हार्डकोरचंच, वेगही तोच, पण गायक गाय पिचोटो जगावर चिडण्याऐवजी स्वतःच्या आठवणींवर तुटून पडतो. लोकांनी त्याला ‘इमोकोर’ म्हटलं आणि ज्यांना म्हटलं त्यांना ते अजिबात आवडलं नाही. आमच्या कॉलेजात इमो म्हणजे कपाळावरचे केस आणि काजळ. त्या इमोचा राइट्स ऑफ स्प्रिंगच्या चौघांशी संबंध शोधायला भिंग लागेल.

सहाव्या महिन्यात लक्षात आलेली गोष्ट: या अल्बममधला ढोल, म्हणजे ड्रम्स. ब्रेंडन कँटी काय वाजवतो ते पहिल्या पन्नास वेळा गिटारच्या कल्लोळात ऐकूच येत नाही. नंतर मात्र तेवढंच ऐकू येतं. हाच कँटी आणि हाच पिचोटो पुढे ‘फुगाझी’ या नामांकित बँडमध्ये गेले. मधल्या काळात यांतल्याच लोकांनी ‘वन लास्ट विश’ हा बँड काढला, त्याचं ध्वनिमुद्रण १९८६ चं, पण अल्बम बाहेर यायला १९९९ उजाडलं. मग पुन्हा तेच मूळचे चौघं ‘हॅपी गो लिकी’ या नावानं उभे राहिले. आपल्याकडे भाऊबंदकीत इतके फाटे फुटत नाहीत.

पण नऊ महिन्यांनंतरही दर आठवड्याला जो लागतोच, तो ‘मॉस आयकॉन’. मेरिलँडमधल्या अ‍ॅनापोलिसचा. ‘लायबर्नम’ हा त्यांचा अल्बम १९८८ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि बँड मोडल्यावर, नव्वदच्या दशकात, बाहेर आला. २०१२ मध्ये सगळं एका संचात आलं. टोनी जॉय एकच गिटारची सुरावट मिनिटं-मिनिटं फिरवत बसतो, आणि जोनाथन व्हान्स त्यावर गात नाही, बोलतो. शीर्षकगीत तर अकरा मिनिटांच्या वर. पहिल्यांदा मी मध्येच बंद केलं होतं. आता वाटतं, एखाद्या म्हाताऱ्या माणसानं पारावर बसून अर्धवट आठवणारी गोष्ट सांगावी आणि सांगता सांगता त्याचा तोल जावा, असं काहीतरी आहे ते. व्हान्स तेव्हा अगदी तरुण होता हे कळल्यावर जरा गडबडायला होतं.

‘इंडियन समर’बद्दल वापरकर्त्याची तक्रार म्हणून सांगतो: बसमध्ये ऐकू नका. ओकलंडचा बँड, १९९३-९४ एवढंच आयुष्य, गाण्यांना नावंही दिली नाहीत, प्रचलित आहेत ती ऐकणाऱ्यांनी पाडलेली. आधी पुटपुटणं, मागे ब्लूज गायिका बेसी स्मिथची जुनी खरखरीत तबकडी वाजतेय, मग एकदम छप्पर कोसळतं. स्वारगेटहून निघालेल्या बसमध्ये पुटपुटणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला, आणि नेमकं तेव्हा छप्पर कोसळलं. शेजारच्या आजोबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “बरं वाटत नाहीये का?” रात्री, साध्या वायरवाल्या इअरफोनवर, बास वाढवणारी सगळी बटणं बंद करून ऐकलं तर मात्र तोड नाही. ‘गिव्हिंग बर्थ टू थंडर’ हा २०१९ चा संग्रह घ्या, शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं काढलेला.

त्याच लेबलचा ‘एव्हरीवन आस्क्ड अबाउट यू’ (संग्रह २०२३ चा) हा घरात चालणारा एकमेव बँड. अर्कान्सामधलं लिटल रॉक गाव, नव्वदच्या दशकाची अखेर, कीबोर्ड, मुलगा-मुलगी दोघं गाणारे. सूर जरा इकडेतिकडे होतात, तेच गोड वाटतं. माझी चौदा वर्षांची लेक म्हणाली, “बाबा, हे ठीक आहे.” तिच्या तोंडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र आजवर कुणालाच मिळालेलं नाही.

मनातून उतरलेले बँड? ऑर्किड आणि सेशिया. दोन्ही नव्वदच्या अखेरचे, एक मॅसॅच्युसेट्सचा, एक न्यूयॉर्कचा. होस्टेलवर माझ्यासाठी हेच देव होते. आता ऑर्किड महिन्यातून एकदा लागतो आणि तेवढा बास होतो. सेशियाची गिटार अजून सुंदर वाटते, पण मनानं मी तिथून उठून आलोय. उलट शुद्ध हार्डकोर, जो तेव्हा मला अडाणी वाटायचा, तोच टिकला. ‘व्हॉइड’ आणि ‘फेथ’ यांची १९८२ ची सामाईक एलपी घ्या: व्हॉइडच्या बाजूला गिटार, ढोल आणि आवाज तिघंही वेगवेगळ्या जिन्यांवरून गडगडत खाली येतात आणि तळाला एकाच वेळी पोचतात. ‘सीज’चा १९८४ चा सहा गाण्यांचा डेमो भांडी घासताना लावतो. भांडी लवकर होतात.

आता गैरसोयी. ज्या स्ट्रीमिंग अ‍ॅपला मी दरमहा पैसे देतो, तिथं ‘इंडियन समर’ शोधलं की भलत्याच कुणाचं तरी झोपेचं संगीत त्याच पानावर येतं. एक गाणं संपलं की आपोआप पुढचं, आणि तिसऱ्या-चौथ्याला ते मला ‘आवडेल असं’ काहीतरी गुळगुळीत लावतं. या बँडांना तिथं ऐकणं म्हणजे पंगतीत बसल्याबसल्या सगळे पदार्थ एकत्र कालवून खाणं. लेबलांकडून थेट डाउनलोड घेतलेलं बरं, दर महिन्याला एक एवढ्या चालीनं खिशालाही परवडतं. तबकड्यांचं मात्र सांभाळून. एकदा टपालखर्च तबकडीच्या दुपटीवर गेला. त्यानंतर अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाच्या बॅगेत, साड्यांच्या घडीत, आणवल्या. त्याला वाटलं मी लहान मुलांची गाणी मागवतोय.

मुंबईचा ‘स्क्राइब’ हा बँड मी कॉलेजच्या दिवसांत समोर उभं राहून ऐकलाय, त्यामुळे हे संगीत गर्दीत घामाघूम होऊन ऐकायचं असतं हे मला माहीत आहे. टू बीएचकेत त्याची भरपाई होत नाही. खालच्या काकूंनी दोनदा वर येऊन पाहिलं. दुसऱ्यांदा चहा घेऊन गेल्या.

आणि शेवटी एक कबुली. त्या चार सात-इंचींपैकी एकीवर वेग छापलेलाच नाही. सात-इंची म्हणजे मिनिटाला ४५ फेरे, असं धरून मी ती तीन आठवडे वाजवली. भन्नाट वेगवान, चिरका, घाबरलेला बँड. दोन मित्रांना ऐकवली, त्यांनीही माना डोलावल्या. मग डाउनलोड लावला, तर कुणीतरी भलतेच, जड पावलांनी चालणारे लोक. तबकडी ३३ ची होती. आता बरोबर वेगावर ऐकतो, शब्दही थोडेफार लागतात. पण बायको घरात नसली की कधीकधी काटा ४५ वर नेतो.