आग का लागली, हे सांगणारी सेवा: एका गाळ्याच्या निमित्ताने परीक्षण

अग्निशमन दल आग कशी विझवते, याबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बहुतेक चांगलेच आहे. हे परीक्षण मात्र त्यानंतरच्या कामाचे आहे. आग विझल्यावर ती का लागली हे सांगण्याचे काम पोलीस, महापालिकेचे अग्निशमन दल, विमा कंपनी आणि प्रसंगी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा यांच्यात वाटलेले असते. आमच्या औद्योगिक वसाहतीत फर्निचर पॉलिशच्या एका गाळ्याला मध्यरात्रीनंतर आग लागली, तेव्हा गाळेधारकांच्या सोसायटीचा सचिव या नात्याने या सगळ्यांशी माझा संबंध आला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. शहर, पोलीस ठाणे आणि विमा कंपनी यांची नावे मी देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा येतील त्या कोणा एका कार्यालयाच्या आहेत असे मला वाटत नाही.

आग वसाहतीच्या सामायिक वायरिंगमधून आली असेल तर खर्चाचा आणि दोषाचा मोठा वाटा सोसायटीकडे येतो; ती गाळ्याच्या आतच सुरू झाली असेल तर चित्र वेगळे होते. शिवाय त्याच रांगेत पॉलिशचे आणखी काही गाळे आहेत, आणि तेथे तेच पुन्हा होऊ नये असे वाटत असेल तर खरे कारण कळणे भाग होते.

बंब वेळेत आले, शटर कापून आत शिरलेल्या जवानांनी आग शेजारच्या गाळ्यात जाऊ दिली नाही, आणि पहाटेपर्यंत कूलिंग, म्हणजे विझलेली जागा पाण्याने थंड करणे, चालू होते. या भागाला मी पूर्ण गुण देतो. काही दिवसांनी रीतसर अर्ज करून आणि शुल्क भरून आगीचा अहवाल मिळाला. त्यात वर्दी (आगीची खबर) मिळाल्याची वेळ, पाठवलेली वाहने, वापरलेले होज (पाण्याचे पाइप), नुकसानीचा ढोबळ अंदाज हे सर्व नीट होते, आणि 'आगीचे संभाव्य कारण' या रकान्यात 'विद्युत दोष (शॉर्ट सर्किट)' असे लिहिले होते. त्याच अहवालात वरच्या बाजूला, घटनास्थळी केलेल्या कार्यवाहीच्या वर्णनात, गाळ्याचा मेन स्विच बंद स्थितीत आढळल्याची नोंद होती. मालक रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करूनच शटर ओढत असे. एकाच कागदावरची ही दोन वाक्ये एकमेकांशी कशी जुळतात, असे मी विचारले, तेव्हा 'संभाव्य' हा शब्द लिहिलेलाच आहे, असे अतिशय सौजन्याने सांगण्यात आले.

जवानांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. विझवताना धुमसणारा ढिगारा उपसून बाहेर फेकावाच लागतो, आणि त्या उपशातच पुरावा जागचा हलतो. ज्या अधिकाऱ्याने रात्रभर पाणी मारले त्याच्याकडूनच, पुढची वर्दी येण्याआधी, कारणही लिहून घ्यायचे ही रचनाच सदोष आहे.

पोलीस ठाण्यात 'अकस्मात जळीत' अशी नोंद झाली. हवालदारसाहेब दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन आले आणि स्थळ पंचनामा झाला. पंचनाम्यात जळालेल्या वस्तूंची यादी बारकाईने केलेली होती. कोणती वस्तू कोणत्या बाजूने अधिक जळाली, हे मात्र कोठेही नव्हते. जबाब घेताना विचारलेले प्रश्न कोणाशी वैर आहे का, कर्ज किती आहे, विमा केव्हा काढला, मजुरांशी भांडण झाले होते का, असे होते. हे प्रश्न आवश्यकच आहेत, कारण कोणी मुद्दाम आग लावली असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 खाली तो गंभीर गुन्हा ठरतो. पण घातपात नाही असे दिसताच चौकशीतला जीव गेला. कारणापुढे 'अग्निशमन दलाच्या अहवालानुसार' असे लिहिले गेले, आणि अग्निशमन दलाच्या अहवालाचा शेवट 'पुढील तपास पोलीस करीत आहेत' असा होता. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लावताना मला हसू आवरले नाही.

प्रयोगशाळेचे तज्ज्ञ का आले नाहीत, याचे उत्तर कायद्यात आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 नुसार न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे हे सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी बंधनकारक केलेले आहे, आणि अकस्मात जळीत हा गुन्हाच नसल्यामुळे त्या तरतुदीत बसत नाही. विद्युत निरीक्षकांची चौकशीही विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 161 नुसार मुख्यतः माणूस किंवा जनावर दगावल्यास अथवा जखमी झाल्यास होते. म्हणजे ज्या आगीवर 'शॉर्ट सर्किट' असा शिक्का बसला, त्या आगीतील एकही वायर कोणत्याही सरकारी विद्युत तज्ज्ञाने हातात घेऊन पाहिली नाही.

ती पाहिली विमा कंपनीच्या सर्व्हेअरबरोबर (नुकसानीची पाहणी करणाऱ्याबरोबर) आलेल्या खासगी तपासनिसाने, आणि या संपूर्ण अनुभवात मनापासून शिफारस करावी अशी सेवा तीच होती. हे गृहस्थ आल्याबरोबर आत शिरले नाहीत. आधी त्यांनी रस्त्यापलीकडच्या गोदामाच्या कॅमेऱ्यातील चित्रण पाहिले, मग शटरच्या कोणत्या भागाचा रंग अधिक उडाला आहे ते टिपले, आणि कमी जळलेल्या भागाकडून अधिक जळलेल्या भागाकडे असे हळूहळू सरकत गेले. मागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीवरची काजळी जळून जाऊन प्लास्टर पांढरे पडले होते आणि तेथून वर इंग्रजी व्ही अक्षरासारखा पसरत गेलेला डाग होता. त्या भिंतीवर ना प्लग होता, ना वायर. छतालगतच्या पट्टीतील वायरींचे आवरण जळून गेले होते, पण तांब्यावर कोठेही मणी आढळले नाहीत.

हा मण्यांचा मुद्दा त्यांनी मला तेथेच उभे राहून समजावून सांगितला. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते, आणि साध्या खोलीच्या आगीत ते तितके तापतेच असे नाही. चालू वायरींमध्ये ठिणगी पडली तर मात्र तेवढ्याच जागी तांबे वितळून गोल मणी तयार होतो आणि त्याच्या शेजारची तार जशीच्या तशी राहते. नुसत्या आगीच्या उष्णतेने वितळलेली तार लांबवर पातळ आणि ओघळल्यासारखी दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मणी सापडला तरी आग त्यानेच लागली असे सिद्ध होत नाही. आग त्या वायरीपर्यंत पोहोचली तेव्हा वायरीत वीज होती, एवढेच त्यावरून कळते. म्हणून मणी अनेक ठिकाणी असतील, तर सप्लायपासून सर्वांत दूरचा कोणता, याला आगीचा उगम शोधताना वजन असते.

कोपऱ्यातील राख त्यांनी खुरप्याने थराथराने काढली आणि चाळली. तळाशी कॉटन वेस्टचा, म्हणजे पुसण्यासाठी वापरतात त्या टाकाऊ सुताचा, एक गठ्ठा निघाला, आणि तो बाहेरून अर्धवट भाजलेला असूनही आत पूर्ण कोळसा झालेला होता. कारागिरांनी जवसाच्या तेलाने लाकूड पुसून ते बोळे एका पोत्यात दाबून ठेवले होते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता बाहेर टाकते; बोळा पसरून वाळत घातला तर ती उडून जाते, आणि ढिगात कोंडली तर काही तासांनी ढीग आतून पेट घेऊ शकतो. ठिणगीची त्याला गरज नसते. गाळा संध्याकाळी बंद झाला आणि आग मध्यरात्रीनंतर दिसली, याच्याशी ते जुळत होते.

नमुना घेण्याची पद्धतही पाहण्यासारखी होती. पंचनाम्याच्या वेळी थोडी राख साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली गेली होती, आणि अशा पिशवीतून ज्वालाग्राही द्रवाची वाफ निसटून जाते. तपासनिसांनी घट्ट झाकणाचे कोरे पत्र्याचे डबे आणले होते आणि तुलनेसाठी न जळलेल्या कोपऱ्यातील मातीचाही नमुना घेतला, कारण पॉलिशच्या गाळ्यात थिनरचा अंश कोठेही सापडणारच. वनस्पती तेल असल्याचे पाहायचे असेल तर प्रयोगशाळेला तसे स्पष्ट कळवावे लागते, कारण पेट्रोल-रॉकेलसाठीच्या नेहमीच्या चाचणीत ते दिसत नाही, हेही त्यांच्याकडूनच कळले.

हे काही एका माणसाचे कसब म्हणून सोडून देण्यासारखे नाही. अमेरिकेत आगीच्या तपासाची 'एनएफपीए 921' ही मार्गदर्शिका 1992 पासून प्रचारात आहे, आणि तिच्या 2011 च्या आवृत्तीने बाकीची कारणे दिसत नाहीत म्हणून उरलेले एक कारण खरे मानण्याची पद्धत अशास्त्रीय ठरवली. आपल्याकडचे 'संभाव्य शॉर्ट सर्किट' बहुतेक वेळा नेमके असेच ठरते. त्या देशाने हा धडा महागात घेतला: टेक्सासमध्ये 1991 च्या एका घराच्या आगीत तीन लहान मुली दगावल्या, जमिनीवरचे जळल्याचे डाग आणि तडकलेल्या काचा हा ज्वालाग्राही द्रव ओतल्याचा पुरावा मानला गेला, आणि 2004 मध्ये त्यांच्या वडिलांना देहदंड झाला. संपूर्ण खोली एकदम पेटली की जमिनीवर तसेच डाग पडतात आणि तापलेल्या काचेवर पाणी पडले की ती तशीच तडकते, हे तपासनिसांमध्ये सर्वमान्य व्हायला वेळ लागला.

मुंबईत कमला मिलच्या गच्चीवर 29 डिसेंबर 2017 रोजी लागलेल्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा सुरुवातीला शॉर्ट सर्किटचीच चर्चा होती. अग्निशमन दलाने चौकशी करून हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले. मनुष्यबळ आणि वेळ दिला तर आपले दल हे काम करू शकते, असाच त्याचा अर्थ मी घेतो. अडचण इतकीच की तेवढे लक्ष मिळण्यासाठी तेवढे बळी जावे लागतात.

विमा कंपनीकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. मुदित रोडवेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये असे म्हटले की विमेदाराने स्वतः आग लावलेली नसेल तर आगीचे नेमके कारण शॉर्ट सर्किट होते की अन्य काही, याला दाव्यापुरते महत्त्व राहत नाही. विमेदारासाठी हा निर्णय न्याय्य आहे. पण त्यामुळे घातपात नाही एवढे कळले की पोलिसांप्रमाणे कंपनीचीही उत्सुकता संपते, आणि आमच्या प्रकरणात तपासनिसांना बोलावले गेले तेही, माझ्या अंदाजाने, विमा अलीकडेच वाढवलेला होता म्हणून.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. कूलिंग संपल्यावर, पंचनाम्याआधी आणि कोणी राख झाडायला घेण्याआधी, चारही भिंतींची व छताची छायाचित्रे जमिनीपासून वरपर्यंत काढून ठेवावीत. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. ती मागितल्याखेरीज सहसा मिळत नाही.

तपासनिसांचा अहवाल जोडून आम्ही अग्निशमन दलाकडे कारणाच्या रकान्यात दुरुस्ती करण्यासाठी अर्ज केला. अर्ज स्वीकारला गेला, पोचही मिळाली, रकाना अजून तसाच आहे. तपासनिसांच्या मूळ अहवालात पुढे काय काळजी घ्यावी याचे पान नव्हते, कारण कंपनीने ते मागितलेच नव्हते. ते सोसायटीने वेगळे मानधन देऊन त्यांच्याकडून लिहून घेतले, आणि आता पॉलिशच्या प्रत्येक गाळ्यात तेलाच्या बोळ्यांसाठी पाणी भरलेला, झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवणे सोसायटीने सक्तीचे केले आहे.